फाटलेल्या आवाजाची सनद

मिरजेच्या माणसाला खरखर आवडते असं म्हटलं, तर बाहेरच्याला ते विचित्र वाटेल. पण तंबोऱ्याची जवारी म्हणजे दुसरं काय आहे? तार घोडीवर जिथे टेकते तिथे सुताचा बारीक दोरा सरकवायचा. मग तार घोडीच्या किंचित गोलसर पाठीला हलकेच घासत राहते आणि एका सुरातून अनेक सूर झिणझिणत बाहेर पडतात. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यं घडवायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एखाद्या इंजिनियरला जो दोष वाटेल, तोच आवाज नेमका जमवण्यात इथल्या कारागिरांच्या पिढ्या गेल्या आहेत. त्यामुळे आवाज बिघडलाय असं कुणी म्हणालं, की आधी विचारावं लागतं, बिघडलाय म्हणजे नेमका कसा?

आमच्या घरी गेल्या वर्षी हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

अब्बा सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. ज्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँची कबर मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, त्यांचं गाणं आणि त्यांच्या किराणा घराण्याचं गाणं हीच अब्बांची आयुष्यभराची कमाई. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या, एलपी, सगळं हळूहळू संगणकावर उतरवून घेतलं होतं. साध्या सीडीच्या दर्जाचं नव्हे, तर २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झचं, म्हणजे ज्याला हाय-रेझोल्यूशन म्हणतात ते. धाकट्या भावाने माडीवर एका जुन्या संगणकात हा साठा ठेवला, खाली अब्बांच्या खोलीत वायफायवर चालणारा छोटा प्लेअर बसवला आणि तो अॅम्प्लिफायरला जोडला. अब्बांनी टॅबलेटवर बोट ठेवायचं, की गाणं सुरू.

दोनेक महिन्यांनी अब्बांनी गाणं लावणं बंद केलं. विचारलं तर एवढंच म्हणायचे, "आवाज फट रा."

घरात सगळ्यांनी एकच निदान केलं, की अब्बांचे कान गेले. त्याला आधारही होता. कानाच्या तपासणीत बारीक, उंच आवाज त्यांना कमी ऐकू येतात असं निघालं होतं. मग पुढे शोधायचं काय? मी ईदला मिरजेला गेले, तेव्हा अॅम्प्लिफायरवर विणलेला रुमाल टाकून ठेवला होता. घरातलं एखादं यंत्र वापरातून गेलं की त्यावर असा रुमाल येतो.

मला यंत्रापेक्षा त्या निदानाची जास्त बेचैनी वाटली. हदीसच्या अभ्यासाबद्दल आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एखादं कथन आलं, की ते कुणी कुणाकडून ऐकलं याची पूर्ण साखळी तपासायची. ती साखळी म्हणजे सनद, आणि तिची एकेक कडी म्हणजे रावी. मजकूर बरा वाटतो म्हणून खरा धरायचा नाही आणि खटकतो म्हणून लगेच टाकायचा नाही. आधी प्रत्येक रावीची चौकशी करायची. हदीसचा दर्जा वेगळा, आमच्या घरातलं गाणं वेगळं. इथे मी उचलते आहे ती फक्त पद्धत. त्या पद्धतीने पाहिलं, तर आमच्या घरात साखळीतली एकही कडी न तपासता शेवटी बसलेल्या ऐकणाऱ्यालाच दोषी ठरवलं होतं.

मग मी साखळी लिहून काढली. मूळ तबकडी, तिची फाइल, माडीवरचा संगणक, वायफाय, प्लेअर, अॅम्प्लिफायर, स्पीकर, आणि मग अब्बांचे कान.

तबकडीची खरखर ओळखणं सोपं असतं. ७८ची तबकडी सेकंदाला १.३ वेळा फिरते. तिच्यावर चरा असेल, तर 'टक' ठरावीक तालात, पाऊण सेकंदाने येत राहतो. तो आवाज अब्बा पन्नास वर्षं ऐकत आले आहेत. त्याची तक्रार ते करणार नाहीत. फाइल बिघडली असेल का, हेही तपासता येतं. आमच्या फाइली फ्लॅक प्रकारच्या आहेत. बनवतानाच मूळ ध्वनीचा एक ठसा फ्लॅक फाइलीत लिहून ठेवता येतो. फाइल उघडून आतला ध्वनी त्या ठशाशी ताडून पाहिला, की एक बिट जरी बदलला असेल तरी कळतं. सगळ्या फाइली जुळल्या. म्हणजे पहिल्या दोन कड्या विश्वासू निघाल्या.

आता रस्ता. घराच्या भिंती दगडी आहेत, दोन फूट जाडीच्या. १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि दोन चॅनल यांचा गुणाकार केला, तर सेकंदाला सुमारे ९.२ मेगाबिट होतात. सीडीच्या दर्जाला १.४ पुरतात. फ्लॅकमध्ये हे ओझं बरंच कमी होतं, पण माडीवरचं सर्व्हरचं सॉफ्टवेअर पाठवण्याआधी फ्लॅक उलगडून पूर्ण आकारात पाठवत होतं. म्हणजे दाबून बांधलेली गादी दारातच सोडून जिन्यावरून ओढत न्यायची. शिवाय वायफाय होतं २.४ गिगाहर्ट्झचं. शेजाऱ्यांची वायफायंही त्याच पट्ट्यात बोलतात आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही तिथेच गोंगाट करतो. राउटरच्या खोक्यावर काही का छापलेलं असेना, दोन दगडी भिंतींपलीकडे त्यातलं फार थोडं पोचतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेक लोक इथेच चकतात. अशा घरगुती व्यवस्थेत संगीत छोट्या पाकिटांतून जातं. पाकीट हरवलं किंवा फाटलं, तर ते पुन्हा मागवलं जातं. त्यामुळे नेटवर्क सूर चिरका करू शकत नाही, तंबोरा बोदा करू शकत नाही. ते फक्त उशीर करू शकतं. उशीर फार झाला, की प्लेअरजवळचा साठा संपतो आणि आवाज तुटतो. 'टक' होतं, क्षणभर शांतता, मग गाणं पुढे. आमच्याकडे हे होत होतं. मी सर्व्हरमधलं ते उलगडणं बंद केलं आणि जिन्याच्या कडेने खालच्या खोलीपर्यंत केबल टाकून घेतली. तुटणं थांबलं.

पण अब्बा तुटतो म्हणाले नव्हते. फाटतो म्हणाले होते.

मग साधी परीक्षा घेतली. भीमसेन जोशींच्या एका एलपीतली तीच तार षड्जाची जागा चार वेळा लावली. रस्त्याचा दोष असता, तर तो दर वेळी वेगळ्या ठिकाणी आला असता, कारण वायफायची अडचण गाणं पाहून येत नाही. इथे चारही वेळा त्याच जागी, आवाज चढला की, सुरावर वाळू पडल्यासारखं होत होतं. तीच फाइल माडीवरच्या संगणकावर हेडफोन लावून ऐकली, तर स्वच्छ. पेनड्राइव्हमध्ये घालून थेट प्लेअरला लावली, तर पुन्हा फाटली. म्हणजे रस्ता निर्दोष आणि संशय प्लेअरवर किंवा त्याच्या पुढे.

प्लेअरच्या सेटिंगमध्ये इक्वलायझर चालू होता. वरच्या पट्टीतले आवाज ६ डेसिबलने वाढवलेले. डिजिटल आवाजाला एक छत असतं. सर्वांत मोठी संख्या ठरलेली असते आणि तिच्यापुढे जागाच नसते. ६ डेसिबल वाढवणं म्हणजे लाटेची उंची जवळजवळ दुप्पट करणं. आधीच छताजवळ पोचलेली तान दुप्पट केली, की तिचा माथा सपाट कापला जातो. त्या कापण्यातून मूळ गाण्यात नसलेले सूर तयार होतात. यालाच क्लिपिंग म्हणतात.

हदीसच्या परिभाषेत सनदेतली एखादी कडी गळाली तर मुन्कते म्हणतात, आणि कुणी कथनात स्वतःचे शब्द मिसळले तर मुदरज. आमच्या घरात दोन्ही एकाच वेळी चालू होतं. वायफाय गाळत होतं आणि इक्वलायझर भर घालत होता.

तो इक्वलायझर भावाने लावला होता, प्रेमानेच. अब्बांना उंच आवाज कमी ऐकू येतात, मग तेच वाढवून देऊ, हा त्याचा सरळ हिशोब. म्हणजे कान गेले म्हणून जो इलाज केला, त्या इलाजानेच आवाज फाटला, आणि तो फाटतो असं अब्बा म्हणाले तेव्हा ते कान गेल्याचा पुरावा ठरलं. या गोलातून म्हाताऱ्या माणसाने बाहेर कसं यायचं?

आणि शास्त्रही अब्बांच्याच बाजूने होतं. वय झालेल्या कानाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठा आवाज अशा कानाला अचानक जास्त बोचतो. क्लिपिंगमधून तयार होणारे उपरे सूर फक्त उंच पट्टीत राहत नाहीत. काही खाली, मधल्या पट्टीत उतरतात, जिथे अब्बांचे कान अजून चांगले आहेत.

इलाज मिनिटभराचा होता. इक्वलायझर पूर्ण बंद न करता त्याच्याआधीची एकूण पातळी ६ डेसिबलने खाली आणली. अब्बांना हवी ती वाढ राहिली आणि छताला डोकंही लागेना. २४ बिटांमध्ये एक बिट म्हणजे सुमारे ६ डेसिबल. एवढं खाली आणून काहीच गमावलं जात नाही. अॅम्प्लिफायरचं बटण थोडं जास्त फिरवायचं, बस. अब्बांनी ती एलपी एक बाजू पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "हां, अब जवारी आ री." जवारी आणि खरखर यांतला फरक त्यांना दोन महिने कळत होता. त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

तुमच्याकडे असं काही झालं तर क्रम हाच ठेवा. दोष दर वेळी त्याच जागी येतो की वेगळ्या, ते पाहा. त्याच जागी आला तर फाइल, इक्वलायझर, व्हॉल्यूमची पातळी तपासा. वेगळ्या जागी आला तर वायफाय, केबल, सर्व्हर. मधली एकेक कडी वगळून ऐका.

आणि त्याही आधी, तक्रार करणाऱ्याने कोणता शब्द वापरला तो नीट ऐका. तुटणं वेगळं, फाटणं वेगळं. आपल्याकडे गाऱ्हाणं मांडणाऱ्यालाच आधी तपासायची सवय फार आहे, घरातही आणि घराबाहेरही. म्हातारा आहे, भोळा आहे, उगाच कुरकुरतो, याला सगळीकडे तेच दिसतं. असेलही कधी. पण ते ठरवायचं साखळीतल्या बाकी सगळ्या कड्या तपासून झाल्यावर. ऐकणारा शेवटची कडी असतो, म्हणून त्याचा नंबरही शेवटीच लागला पाहिजे.