पक्ष्यांसाठी घेतलेली लेन्स

पहिला एसएलआर घेताना मी सगळा वेळ बॉडी निवडण्यात घालवला आणि लेन्स उभ्याउभ्या ठरवली. सहा मेगापिक्सेल पुरतील की दहा लागतील, या एका प्रश्नाभोवती मी कित्येक आठवडे फिरत होतो. २००७ सालची गोष्ट. निकॉनचा डी४० आदल्या वर्षाच्या शेवटी आला होता आणि त्याच्यामागोमाग दहा मेगापिक्सेलचा डी४०एक्स. सहा मेगापिक्सेल म्हणजे ३००८ बाय २००० बिंदूंचं चित्र. चांगल्या छपाईला इंचाला ३०० बिंदू लागतात असं धरलं, तरी हे चित्र दहा इंच रुंद छापता येतं. माझे फोटो चार बाय सहाच्या प्रिंटपलीकडे जाणार नव्हते. हा भागाकार मी केला असता तर सहा की दहा हा प्रश्न तिथेच मिटला असता, आणि डोकं लेन्सकडे वळलं असतं.

एसएलआरच का हवा, याचं उत्तर मात्र माझ्याकडे पक्कं होतं. आधीच्या खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्याचं बटण दाबल्यावर फोटो निघेपर्यंत एवढा वेळ जायचा, की समोरच्या माणसाचं हसू ओसरलेलं असायचं. एसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावरून वर वळतो आणि थेट आपल्या डोळ्यात येतो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो, शटर उघडतं, आणि आपण बघत होतो ते त्याच क्षणी टिपलं जातं. दुकानात मी पहिल्यांदा ते बटण दाबलं तेव्हा आरशाचा तो खट्ट आवाज हातात जाणवला होता. मला हवं होतं ते हेच, याबद्दल तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

मुंबईत फोर्टात बोरा बाजाराला कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. तिथल्या एका दुकानात मी डी४० घेतला, त्यासोबत येणारी १८-५५ ची लेन्स घेतली, आणि मग काउंटरमागच्या वयस्क गृहस्थांना म्हणालो, "आता एक मोठी लेन्स दाखवा."

"काय काढणार, साहेब?"

"पक्षी."

हे उत्तर मी का दिलं, याचा पुढे पुष्कळ विचार केला. मी पक्षीनिरीक्षक नव्हतो. एकदाच मित्रांबरोबर भिगवणला गेलो होतो, उजनीच्या पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा पाहिला होता आणि हरखून गेलो होतो. पण त्याहून खरं कारण असं, की चांगला फोटो म्हणजे लांबचं जवळ आणणं, अशी माझी समजूत झाली होती. मासिकांत वाघाचे, गरुडाचे फोटो बघून ती झाली असावी. घरातलं, गल्लीतलं, मंडईतलं काही काढायला कॅमेरा घेतोय असं सांगणं मला हलकं वाटलं. प्रत्यक्षात मी आधीच्या कॅमेऱ्यानं काढत होतो ते सगळं हेच होतं.

त्या गृहस्थांनी दोन लेन्स काढून ठेवल्या. एक ७०-३००. दुसरी ५० मिलिमीटरची, एफ/१.८, तळहातात मावेल एवढी. "घरातली माणसं काढत असाल तर ही बघा. अंधारात कामाला येते," ते म्हणाले. किंमतही कमी होती.

"हिला झूम आहे का?" मी विचारलं.

"नाही."

"मग राहू द्या."

माझी चूक झाली ती इथे. समोरच्या माणसानं आयुष्यभर लेन्सच विकल्या होत्या. त्यांनी माझं बोलणं ऐकून, माझ्याकडे बघून काही सुचवलं होतं, आणि मी त्यावर विचारसुद्धा केला नाही. तीनशे हा आकडा पन्नासपेक्षा मोठा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. "लावून बघा," असंही ते म्हणाले. मला पुण्याची गाडी गाठायची होती. मी खोकं न उघडता पैसे दिले.

घरी येऊन ७०-३०० लावली, खिडकीतून समोरच्या गच्चीवरचा कावळा धरला आणि बटण अर्धं दाबलं. काही झालं नाही. लेन्स हलली नाही, आवाज नाही, कावळा धूसरच. लेन्स बिघडलेली निघाली असं वाटून मी ती काढली, पुसली, परत लावली. शेवटी कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका उघडली. त्यात सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं.

निकॉनच्या बऱ्याच ऑटोफोकस लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. अशा लेन्सच्या बुडाशी, धातूच्या कड्यात, खाच पाडलेलं एक लहानसं स्क्रूचं डोकं दिसतं. बॉडीच्या कड्यातून त्या खाचेत बसणारं एक पातं बाहेर आलेलं असतं. बॉडीतली मोटर ते पातं फिरवते आणि लेन्सचा फोकस बदलतो. डी४० लहान आणि स्वस्त ठेवताना ही मोटर काढून टाकलेली होती. मी लेन्स उलटी धरून बघितलं, खाच होती. कॅमेऱ्याच्या तोंडाशी बघितलं, पात्याच्या जागी काहीच नव्हतं. एफ माउंट १९५९ पासून चालत आला आहे, त्यामुळे लेन्स बसते, फोटोही निघतो. फोकस मात्र हातानं करायचा. माझ्या लेन्सला फोकसची रिंग होती अगदी पुढच्या टोकाला, बोटभर रुंद.

ती लेन्स घेऊन मी भिगवणला गेलो. कुंभारगावाहून होडीत बसलो. डी४० चा सेन्सर फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान, त्यामुळे ३०० ची लेन्स त्यावर ४५० सारखी वागते. म्हणजे शटर निदान १/५०० तरी हवं, कारण एवढ्या लांब लेन्समध्ये हाताचा जरासा कंपही मोठा होऊन दिसतो. त्यात होडी हलत होती, आणि पुढच्या टोकाची रिंग फिरवताना मीच लेन्स हलवत होतो. रोहित पाण्यावर धावत धावत उडाले, पंखाखालचा तो लाल-काळा रंग उघडला, आणि माझ्या कॅमेऱ्यात गुलाबी डाग उमटले.

त्याहून एक गोष्ट मला जास्त लागली. होडीवाला माझ्यापासून हात-दीड हातावर बसला होता. सकाळचं ऊन त्याच्या तोंडावर तिरकं पडलं होतं, वल्ह्याच्या मुठीवरून पाण्याचे थेंब ओघळत होते, आणि कुठला पक्षी कुठून येतो हे तो हातवारे करून सांगत होता. माझ्या लेन्सला दीड मीटरच्या आत फोकसच होत नाही. १८-५५ पिशवीत होती, पण हलत्या होडीत लेन्स बदलायचं धाडस झालं नाही. त्याचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

भर गर्दीत लेन्स बदलायचं धाडस मी नंतर जेजुरीला केलं, आणि ते अंगलट आलं. सोमवती अमावास्येला गडावर हवेतच भंडारा असतो. मी पायरीच्या आडोशाला उभा राहून १८-५५ काढली, ७०-३०० लावली. त्यात दहा-पंधरा सेकंद गेले असतील. पुन्हा डोळा लावला तर व्ह्यूफाइंडरमध्ये पिवळे कण दिसत होते. आरशाच्या पोकळीत हळद गेली होती. सेन्सर झटकून घ्यायची सोय त्या कॅमेऱ्यात नव्हती, तेव्हा पुढचे कितीतरी महिने एफ/१६ ला काढलेल्या आकाशात राखाडी ठिपके येत राहिले. शेवटी पैसे देऊन साफ करून घेतला. दोन लेन्स घेतल्या की बदलाव्या लागणार, आणि आपण जिथे जातो तिथे त्या बदलता येतील का, हा विचार मी खरेदीच्या वेळी केलाच नव्हता. 

या सगळ्याची खरी किंमत मोजावी लागली ती आमच्या रत्नागिरीकडच्या घरात.

आजी तेव्हा थकली होती, पण पहाटेची चूल तिचीच. मे महिन्यात आम्ही गेलो होतो. मी उठलो तेव्हा ती तांदळाची भाकरी थापत बसली होती. स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही माडाच्या सावलीत. चुलीचा तांबूस उजेड तिच्या गालावर एका बाजूनं येत होता आणि धूर खिडकीच्या कवडशात निळा दिसत होता. मी १८-५५ लावून ५५ पर्यंत झूम केलं, कारण मला तिचा चेहरा आणि हात एवढंच हवं होतं. त्या टोकाला ती लेन्स एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. आयएसओ १६०० ला नेला तरी शटर मिळालं १/८ सेकंदाचं. हात तर विरघळलेच, चेहराही हलला. मग मी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उघडला. फोटोत चेहरा पांढराफटक, मागच्या भिंतीवर काळी कडक सावली, आणि चुलीचा उजेड, धूर, पहाट, सगळं गायब.

"पुरे रे आता, जा तोंड धू," आजी म्हणाली. मी कॅमेरा ठेवून दिला.

एफ/१.८ ला एफ/५.६ च्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. १/८ च्या जागी १/८० मिळालं असतं. हात थोडे हलते दिसले असते, तेही भाकरी थापताना शोभलेच असते. चेहरा नक्की मिळाला असता. बोरा बाजारातल्या त्या लहान लेन्सला या कॅमेऱ्यावर ऑटोफोकस नव्हता, हे खरं. पण बसून भाकरी थापणाऱ्या माणसावर हातानं फोकस करणं अवघड नाही.

पुढच्या थंडीत आजी गेली. तेराव्याला लावायला फोटो शोधला तेव्हा घरातला एकुलता एक कॅमेरावाला मीच, आणि माझ्याकडे लावण्याजोगा एकही फोटो नव्हता. एका लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा कापून मोठा करून घेतला. तो फोटो कुणी काढला होता हेही आम्हाला माहीत नाही. आजही घरात तोच आहे.

त्यानंतर मी एक काम केलं, ते खरेदीच्या आधी करायला हवं होतं. डिजिटल फोटोच्या प्रत्येक फायलीत शटर, छिद्र, लेन्स किती मिलिमीटरवर होती, ही सगळी नोंद राहते. मी कॉम्प्युटरवरचे सगळे फोटो उघडून ती नोंद बघत गेलो. बहुतेक फोटो १८ ते ३५ च्या दरम्यान काढलेले होते, आणि त्यांतले बरेचसे घराच्या नाहीतर देवळाच्या आत, कमी उजेडात. ३०० वर काढलेले फोटो भिगवणचे होते, आणि आमच्या समोरच्या गच्चीचे. मी कशाचा फोटोग्राफर आहे हे माझ्या फायलींना केव्हाच कळलं होतं.

७०-३०० पावसाळाभर चामड्याच्या पिशवीत पडून राहिली. दिवाळीत काढली तर आतल्या काचेवर बुरशीची जाळी पसरलेली. दमट हवेत, अंधारात, चामड्याला चिकटून लेन्स ठेवली की हे होणारच; तेव्हापासून माझं सामान झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत असतं. लेन्स उघडून साफ करून घेतली. मग ५० एफ/१.८ विकत घेतली आणि पुन्हा घोटाळा झाला: लहान सेन्सरवर ती ७५ सारखी वागते आणि आमच्या खोल्यांमध्ये पाठ भिंतीला लागली तरी चौकटीत माणसाचं डोकं आणि खांदेच मावतात. ओसरीवर, अंगणात तिनं फार सुंदर चेहरे दिले. घरातला प्रश्न सुटला तो २००९ मध्ये निकॉननं ३५ एफ/१.८ आणली तेव्हा. तिच्यात स्वतःची मोटर होती. पुढची कित्येक वर्षं ती माझ्या कॅमेऱ्यावरून उतरली नाही.

टेलीबद्दल, म्हणजे ७०-३०० सारख्या लांब लेन्सबद्दल, मात्र मला आकस नाही. ज्येष्ठात माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते. समोरच्या उतारावर उभं राहून २०० च्या आसपास झूम केलं, छिद्र एफ/८ ला ठेवलं, की घाटाची वळणं एकमेकांवर रचल्यासारखी येतात आणि त्यांवरून पताकांची रांग वर सरकताना दिसते. ढगाळ हवेतला सपाट उजेड तिथे उपकारच करतो. अंतर एवढं, की एकदा हातानं फोकस लावला की तासभर रिंगला हात लावावा लागत नाही. तिथे दुसरी कुठलीच लेन्स चालणार नाही.

मागच्या वर्षी शेजारची मुलगी विचारायला आली. २०१८ नंतर निकॉन आणि कॅनन दोघांनीही आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर भर दिला, त्यामुळे जुने डीएसएलआर स्वस्तात मिळू लागले आहेत, आणि तिला त्यातलाच एक घ्यायचा होता. तिच्या लेन्सच्या यादीत पहिली होती ७०-३००. तिचे आजोबा तबल्याची दुरुस्ती करतात, आणि फोनमधले तिचे बहुतेक फोटो त्यांच्या दुकानातले होते: शाईचा थर देऊन दगडानं घोटणारा हात, वादी ओढताना ताणलेली मान. दुकान लांबीला दहा फूट असेल, वर एक ट्यूबलाइट.

मी तिला माझा जुना डी४० दिला. १८-५५ ची झूम रिंग ३५ वर आणून चिकटपट्टीनं पक्की केली आणि म्हटलं, थोडे दिवस अशीच वापर, मग पट्टी काढून ५० वर लाव. ती परत आली तेव्हा म्हणाली, "काका, ५० ला मला रस्त्यावर उभं राहावं लागतं." तिनं जुना डी७१०० घेतला, त्यात फोकसची मोटर आहे, आणि ३५ एफ/१.८. टेलीचे पैसे तिनं बाजूला ठेवले आहेत. भिगवणला एक हिवाळा नुसती दुर्बीण घेऊन जाऊन येते, मग बघू, असं तिचं म्हणणं आहे.