दसऱ्याचे शुभेच्छापत्र आणि नीलपंखाचा निळा

विजयादशमीच्या दिवशी पालपिट्टा, म्हणजे मराठीत ज्याला नीलपंख किंवा चास म्हणतात तो पक्षी, दृष्टीस पडणे तेलंगणात अत्यंत शुभ मानले जाते. अविभक्त आंध्र प्रदेशाचा हाच राज्यपक्षी होता आणि २०१४ नंतर तेलंगणानेही तोच कायम ठेवला. या श्रद्धेमुळेच मात्र दसऱ्याच्या सुमारास हे पक्षी पकडले जातात आणि पंख छाटून किंवा पाय बांधून, पिंजऱ्यातून पैसे घेऊन दाखवले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने यास मनाई असूनही ही प्रथा पुरती थांबलेली नाही, ही फार क्लेशदायक गोष्ट आहे. मोकळ्या पक्ष्याचे दर्शन कागदावरून आप्तांपर्यंत पोचवावे, या हेतूने हैदराबादमधील तारनाका येथे राहणाऱ्या प्रस्तुत लेखिकेने दसऱ्याची शुभेच्छापत्रे हाताने रंगवण्यास आरंभ केला.

तारनाक्यास लागून असलेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या विस्तीर्ण आवारात, झुडपांच्या मोकळ्या जागी आणि विजेच्या तारांवर, नीलपंख निवांत बसलेला आढळतो. बसलेला असताना त्याची तांबूस-तपकिरी छाती आणि तिच्यावरील फिकट रेषाच प्रथम नजरेत भरतात. तो उडाला की पंखांतील गडद आणि फिकट निळ्याचे पट्टे एकदम उलगडतात, आणि चित्रकाराची खरी परीक्षा या निळ्यापाशी असते. हा निळा रंगद्रव्याचा नसतो. पिसांच्या बारीक तंतूंमधील केराटिन, म्हणजे नखे व केस ज्याचे बनतात ते प्रथिन, स्पंजासारखे सच्छिद्र असते आणि त्यातून निळा प्रकाश अधिक प्रमाणात परावर्तित होतो, तर त्याखालचा काळसर थर उरलेला प्रकाश शोषून घेतो. सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली पक्ष्यांच्या पिसांतील रंगांच्या उगमावर जो शोधनिबंध लिहिला, त्यासाठी त्यांनी याच पक्ष्याची पिसे तपासली होती.

जलरंगात नेमकी उलट व्यवस्था असते, कारण तेथे तळाशी काळा थर नसून पांढरा कागद असतो आणि पारदर्शक रंगातून परत येणारा प्रकाश त्या पांढऱ्याचाच असतो. म्हणून पंखाचा फिकट पट्टा पांढरा रंग मिसळून न काढता सेरुलियन निळ्याच्या अतिशय पातळ वॉशने, म्हणजे भरपूर पाण्यात विरघळवलेल्या रंगाच्या सलग थराने, काढावा लागतो. तो पूर्ण वाळल्यावर शेजारी अल्ट्रामरीनचा गडद पट्टा द्यावा, आणि त्याच्या कडेला बर्न्ट सिएना मिसळून केलेली काळपट छटा ठेवावी, तेव्हा कुठे फिकट निळा झळकू लागतो. पक्ष्याच्या पिसात काळोख निळ्याच्या खाली असतो, चित्रात तो त्याच्या शेजारी मांडावा लागतो, हे हात चालवताना हळूहळू उमगत जाते. छातीवरील रेषांसाठी मात्र कागद कोरा सोडणे हाच उत्तम मार्ग होय.

पत्रासाठी ३०० जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर) वजनाचा दाणेदार कागद घेतल्यास तो पाण्याने फारसा वाकत नाही. घडी चित्र वाळल्यानंतरच घालावी, आणि त्याआधी पट्टी धरून बोथट टोकाने घडीची रेघ दाबून घ्यावी, अन्यथा जाड कागदाचे तंतू तुटून कड फाटल्यासारखी दिसते. कागदाच्या तंतूंची दिशा घडीला समांतर असेल तर ती अधिक सुबक बसते. अखेरच्या पावसाची ओल हवेत असल्यास दोन थरांमध्ये अधिक वेळ जाऊ द्यावा लागतो, आणि ही सक्तीची प्रतीक्षा पक्ष्याचा डोळा, चोच आणि शेपटीचा बाक पुन्हा निरखण्यास उपयोगी पडते.

यांतील बरीच पत्रे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग असलेल्या मराठवाड्यातील नातेवाइकांकडे, विशेषतः नांदेडला, जातात. तिकडे दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून दिली जातात, तर तेलंगणात तोच मान शमीला, येथील जम्मीला, आहे. म्हणून आतल्या पानावर शुभेच्छांखाली एका बाजूस आपट्याचे जोडपान आणि दुसऱ्या बाजूस शमीची डहाळी रेखाटलेली असते, आणि पालपिट्टा हे नाव देवनागरीत व तेलुगू लिपीत लिहिलेले असते.