गांवची आरोग्य-सेविका

आम्ही पदवीधर, त्यांतून शिक्षक. दुसऱ्यास शिकविण्याची खोड आमच्या हाडींमासीं खिळलेली. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्याच्या सुटींत जामखेड तालुक्यांतील एका खेड्यांत बहिणीच्या घरीं असतां आम्हांस जो धडा मिळाला, तो कोणत्याही कॉलेजांत मिळाला नव्हता.

बहिणीच्या आठ महिन्यांच्या मुलास जुलाब होऊं लागले. तिच्या सासूबाईंनीं त्याचें पाणी बंद केलें. 'वरून पाजलें कीं खालून जातें' हें त्यांचें शास्त्र. आणि आम्हांसही तें युक्त वाटलें, हें लिहितांना आज लाज वाटते. दुपारपर्यंत मुलाचे डोळे खोल गेले, रडतांना अश्रूही येईनात. इतक्यांत गांवची आरोग्य-सेविका आली. मजुरी करणारी, उतारवयाची, सहीपुरतींच अक्षरें येणारी ती बाई! तिनें एक लिटर उकळून निवविलेलें पाणी मागितलें. त्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून प्रथम स्वतः चाखलें.

"गुरुजी, डोळ्यांतल्या टिपापेक्षा खारट लागलं तर फेकून द्यायचं," ती म्हणाली.

मग चमच्याचमच्यानें तें मुलास पाजीत बसली. ओकलें कीं दहा मिनिटें थांबे, पुन्हां आरंभ करी. आईचें दूध तिनें तोडूं दिलें नाहीं. दवाखान्यासाठीं गाडीही सांगून ठेविली. दिवेलागणीस मुलास लघवी झाली, तेव्हां ती प्रथम हसली.

वाचकहो, हिला हें कोणीं शिकविलें? डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं जामखेडला काम आरंभिलें. प्रथम त्यांनीं शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेविल्या. पण त्यांचें तेथें बस्तान बसेना. तेव्हां गांवांतल्याच बायांना शिकविण्याचें ठरलें. त्यांत कित्येक निरक्षर होत्या. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. २००५ पासून सरकारही गांवोगांवीं 'आशा' नेमूं लागलें. तिचें मोल मात्र कामागणिक मोजावें, हें आम्हांस पटत नाहीं.

"एवढीं प्रमाणें ध्यानांत कशीं राहतात?" आम्हीं निघतांना तिला पुसलें.

"जामखेडला जमतो तेव्हा जिचं काय चुकलं, ते ती सगळ्यांपुढं सांगते," ती उत्तरली.

जूनमध्यें शाळा उघडल्यावर आम्हीं वर्गांत साखर व मीठ नेलें. पहिल्या खेपेस आमचेंच पाणी खारट झालें, आणि मुलांनीं तें फेकावयास लाविलें.