रोजची रेघ

उन्हाळ्यात आमच्या वर्ध्याकडे बाईचा चेहरा म्हणजे दोन डोळे आणि दोन भुवया. बाकी सगळं स्कार्फच्या आत. एप्रिल लागला की नालवाडीतून शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोज सकाळी हेच दिसतं. स्कूटीवर कॉलेजला निघालेल्या पोरी, शाळेत शिकवायला चाललेल्या बाया, दवाखान्यात ड्युटीवर जाणाऱ्या सिस्टर. सगळ्यांची डोकी गच्च बांधलेली, डोळ्यांपुरती एक पट्टी तेवढी उघडी. तरी ओळख चुकत नाही. मागून हॉर्न वाजतो, गाडी शेजारी येते आणि स्कार्फच्या आतून आवाज येतो, "काय गं, आज उशीर?" एवढ्याशा पट्टीत माणूस सापडतं, आणि त्या सापडण्यात भुवयांचा वाटा मोठा असतो.

हे नुसतं वाटणं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नामवंतांचे फोटो घेतले. काहींतले डोळे पुसले, काहींतल्या भुवया पुसल्या आणि लोकांना विचारलं, हे कोण? डोळे नसलेला चेहरा लोक त्या मानानं बरा ओळखत. भुवया नसलेल्या चेहऱ्यापाशी जास्त अडखळत. आपण आयुष्यभर डोळ्यांचं कौतुक करतो आणि ओळख मात्र त्यांच्या वरच्या केसांच्या रेघेवर टेकलेली असते.

म्हणून रोज लावायची आयब्रो पेन्सिल निवडणं मला किरकोळ खरेदी वाटत नाही. लिपस्टिकचा रंग बदलला तर लोक म्हणतात, छान दिसतेय. भुवईची रेघ बदलली तर म्हणतात, काहीतरी वेगळं दिसतंय, काय ते कळत नाही. लग्नाच्या हॉलमधल्या दिव्यांत गडद, कोरीव, टोकदार भुवई शोभते. तिला एका संध्याकाळपुरतंच जगायचं असतं. रोजच्या भुवईला मात्र सकाळच्या उन्हात, हातभर अंतरावरून, रोजच्याच माणसांसमोर उभं राहायचं असतं, आणि उद्याही तशीच दिसायचं असतं.

रंगापासून सुरुवात करू. केस काळे म्हणून पेन्सिल काळी, हे गणित सरळ दिसतं, पण चेहऱ्यावर ते सुटत नाही. केसांच्या मधून कातडी दिसते, उजेड शिरतो, म्हणून काळ्याभोर भुवयासुद्धा लांबून थोड्या तपकिरी, थोड्या राखाडी भासतात. त्यावर सलग काळी रेघ ओढली की ती जागा बंद होते आणि चेहरा विनाकारण रागीट दिसू लागतो. आपल्या गव्हाळ, सावळ्या, काळ्या वर्णांना केसांपेक्षा एखादी छटा फिकी, राखाडीकडे झुकलेली गडद तपकिरी पेन्सिल बहुधा जुळते. फक्त तपकिरी म्हणून घेतलेली पेन्सिल मात्र उन्हात तांबूस पडू शकते. त्याचं कारण तिच्या पोटात आहे. या पेन्सिलींचे रंग मुख्यतः लोखंडाच्या ऑक्साइडचे: लाल, पिवळं आणि काळं. लाल ऑक्साइड म्हणजे आपल्या गेरूचाच रंग. सौंदर्यप्रसाधनांसाठी तो शुद्ध रूपात कारखान्यात तयार करतात. लालाचं प्रमाण जास्त झालं की विदर्भाच्या पांढऱ्या उन्हात भुवईत गेरू चमकतो. म्हणून शेड दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ठरवू नये. मनगटाच्या मागच्या बाजूला रेघ ओढावी, पायरी उतरून उन्हात यावं आणि तिथे बघावं. दुकानातली सगळ्यांनी वापरलेली नमुन्याची पेन्सिल डोळ्यांजवळ नेऊच नये; मनगट पुरेसं असतं.

केस पिकू लागलेल्या बायांसाठी तर काळा रंग आणखी कठोर ठरतो. डोक्यावर रुपेरी केस आणि खाली कोळशाची रेघ, यात दोन वयं एकमेकांशी भांडतात. तिथे करडी किंवा फिकी राखाडी-तपकिरी पेन्सिल चेहऱ्याला सांभाळून घेते. वयानुसार भुवया विरळ होतात, थायरॉइडच्या विकारात बाहेरचं टोक झडू शकतं, केमोथेरपीत तर डोक्याच्या केसांबरोबर भुवयाही जाऊ शकतात. त्या दिवसांत आरशात आपलं कुणीतरी परत यावं म्हणून पेन्सिल उचलणारी बाई नट्टापट्टा करत नसते.

दुसरी गोष्ट, टोकाचा कठीणपणा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पर्स ठेवली तर आत त्याहून ताप. पेन्सिलीचं टोक म्हणजे मेण, तेल आणि रंग यांचं मिश्रण. मधमाशांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून निघणारं कार्नौबा मेण ८० अंशांच्या वर. कठीण मेणाचा भाग जास्त तर टोक टिकतं आणि रेघ बारीक उमटते. तेलाचा भाग जास्त तर रेघ झरकन उमटते, पण दुपारपर्यंत खाली सरकते. काजळाची पेन्सिल पापणीच्या कडेवरून न टोचता घसरावी म्हणून मऊ केलेली असते. तीच भुवईवर फिरवली की घामाच्या वाटेनं ती डोळ्यांत उतरते. आणि कपाळावरचा घाम बाजूला वळवून डोळ्यांत न जाऊ देणं हे तर भुवयांचं मूळ काम. त्यांनाच घामात विरघळणारा रंग देऊन कसं चालेल?

तेव्हा रोजच्यासाठी जरा कोरडी, जरा कठीण पेन्सिल घ्यावी. मनगटावर रेघ ओढून मिनिटभर थांबावं, मग ओल्या बोटानं एकदा घासावं. जी लगेच पसरते ती नको. जी हलकीशी धूसर होऊन जागेवर राहते ती घ्यावी. लाकडी पेन्सिल आणि पीळ देऊन टोक बाहेर काढायची प्लास्टिकची, या दोन्हींत आमच्या उन्हाळ्याला लाकडी जास्त सोसते. पिळाच्या पेन्सिलीचं बारीक टोक गरमीत मऊ पडून मोडतं. ते जेमतेम बाहेर काढूनच वापरावं लागतं. लाकडी पेन्सिल तासायच्या आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली की टोक शार्पनरमध्ये तुटत नाही, आणि दर वेळी नवी, स्वच्छ बाजू वर येते. लिहायच्या पेन्सिलीशी तिचं नातं घरचंच आहे. जर्मनीतल्या श्वान या पेन्सिल कारखान्यानं १९२७ मध्ये भुवयांची पेन्सिल बनवायला सुरुवात केली. कागदावर रेघ ओढायचं तंत्र कातडीवर आणताना शिसपेन्सिलीतलं ग्राफाइट जाऊन मेण आलं, पण लाकडाची कांडी तीच राहिली.

वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचायलाच हवीत. आपल्याकडच्या कायद्यानं सौंदर्यप्रसाधनांना रंग आणण्यासाठी शिसं आणि आर्सेनिक यांची संयुगं वापरायला बंदी आहे. उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि कधीपर्यंत वापरायची ते छापलेलं असायला हवं. बाजाराच्या दिवशी टोपलीत सुट्या मिळणाऱ्या बिननावाच्या पेन्सिलीवर यातलं काहीच नसतं. स्वस्त पेन्सिल वाईट असते असं नाही; चांगल्या पेन्सिली मध्यम किमतीत मिळतात. पण डोळ्याच्या इतक्या जवळ रोज जाणाऱ्या वस्तूला नाव-गाव असावं, एवढा आग्रह कोणत्याही ऐपतीच्या बाईनं धरावा.

लावायची रीत पेन्सिलच सांगते. ती नाकपुडीच्या कडेला उभी धरली की वर जिथे टेकते तिथे भुवई सुरू होते; नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून तिरकी धरली की जिथे पोचते तिथे संपते. बाहेरच्या टोकापासून सुरुवात करावी, केसांच्या दिशेनं बारीक बारीक रेघा द्याव्यात, मोकळ्या जागा तेवढ्या भराव्यात आणि नाकाजवळचं टोक जवळपास तसंच सोडावं. मग छोट्या ब्रशनं एकदा विंचरावं. रात्री खोबरेल तेलाचा बोळा फिरवून रेघ पुसावी आणि तोंड धुवावं.

आता नालवाडीचं. या गावाला साधेपणाचा वारसा आहे. १९३२ च्या अखेरीस विनोबा इथे राहायला आले आणि १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत इथेच होते. टकळीवर सूत कातून त्या मजुरीवर जगता येतं का, हे त्यांनी इथे स्वतःच्या पोटावर पारखलं. १९३४ मध्ये इथे ग्रामसेवा मंडळ सुरू झालं. अशा मातीत उभं राहून भुवयांच्या पेन्सिलीबद्दल एवढ्या जिव्हाळ्यानं लिहावं का, असं कुणाला वाटेल. मला वाटतं, इथेच लिहावं. कारण भुवई जाणं म्हणजे काय असतं, हे या परिसरानं फार जवळून पाहिलं आहे.

विनोबांच्या नालवाडीतल्या साथीदारांपैकी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये जवळच दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं. आजही दत्तपूरचं कुष्ठधाम म्हणून ते ओळखलं जातं. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांत रमतात. चेहरा, कानाच्या पाळ्या, हातपाय. रोगाच्या बहुजंतू प्रकारात ते भुवयांच्या कातडीत घर करतात, केसांची मुळं मरतात आणि भुवई बाहेरच्या टोकाकडून झडू लागते. पेन्सिलीनं आपण जिथून सुरुवात करतो, तिथूनच हा रोग पुसायला सुरुवात करतो. दुखत नाही, खुपत नाही. पण गाव ती खूण वाचायला शिकलं होतं. झडलेली भुवई दिसली की पाणवठा बंद, पंगत बंद, लेकीचं लग्न बंद. चेहरा ओळखू येणं हा जो साधा आधार, तोच उलटा फिरायचा: माणूस ओळखू यायचं बंद होई आणि रोग तेवढा ओळखू येई.

त्या भीतीसमोर वर्ध्यानं माणसं उभी केली. संस्कृत पंडित परचुरेशास्त्रींना कुष्ठरोग झाला तेव्हा गांधीजींनी त्यांना सेवाग्राम आश्रमात ठेवून घेतलं, स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. परचुरे कुटी तिथे आजही आहे. १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालं आणि रुग्णाची वाट न बघता घरोघर जाऊन तपासणी, लोकशिक्षण आणि उपचार अशी पद्धत उभी राहिली. १९८० च्या दशकात बहुऔषध उपचार आले आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. पण जंतू मेले तरी मुळासकट गेलेली भुवई बहुधा परत येत नाही. बरा झालेला माणूस खूण कपाळावर घेऊनच गावात परततो.

म्हणून शल्यचिकित्सकांनी भुवया परत घडवायला घेतल्या. डोक्याच्या केसाळ कातडीची पट्टी किंवा केसांची मुळं भुवईच्या जागी बसवतात. हे केस मात्र आपला स्वभाव सोडत नाहीत. डोक्यावरच्यासारखेच वाढत राहतात आणि अधूनमधून कातरावे लागतात. ज्यांना शस्त्रक्रिया मिळत नाही किंवा नको असते, त्यांच्या हातात साधी पेन्सिल उरते. आपण जिला शृंगाराच्या खणात टाकतो, ती वस्तू इथे पुनर्वसनाच्या खणात जाते. आणि पुनर्वसनाला समाजानं किती वेळ लावला ते कायद्यातही दिसतं: कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण धरणारी कलमं व्यक्तिगत कायद्यांतून काढली गेली ती २०१९ मध्ये.

हे सगळं मनात ठेवलं की रोजची पेन्सिल निवडण्याची कसोटी आपोआप हाती येते. ती आपल्याला सुंदर करते की नाही हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की ती लावून मी माझ्या माणसांना मीच दिसते का? पेन्सिल नीट निवडली असेल तर कुणी तिचं कौतुक करत नाही, कारण ती कुणाला दिसत नाही. दिसतो तो चेहरा. इतरांसारखं सहज वावरता येणं, कुणाची नजर कपाळावर अडकून न राहणं, हे ज्यांना जन्मापासून मिळालं त्यांना त्याचं मोल कळत नाही. ज्यांच्याकडून ते हिरावलं गेलं त्यांना ते एका रेघेत मोजता येतं. विनोबांच्या गावात राहून मला साधेपणाचा हा अर्थ पटतो: जेवढं हवं तेवढंच घ्यावं, पण जे खरोखर हवं आहे ते मागताना शरमू नये.

तेव्हा जनरल स्टोअर्सच्या काउंटरवर कुणी बाई, कुणी आजी, आजारातून उठलेलं कुणी, हो, एखादा पुरुषही, आयब्रो पेन्सिल मागत असेल तर "तुम्हाला कशाला हवी?" असं विचारू नये. दुकानदारानं काळ्या पेन्सिलीबरोबर तपकिरी आणि करडी शेडही ठेवावी, आणि उन्हात जाऊन बघून येतो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला खुशाल जाऊ द्यावं. आपला चेहरा आपल्याला हवा तसा रोज सकाळी हाती लागणं, हा हक्क फार मोठ्या किमतीचा नाही, पण तो सगळ्यांना मिळायला हवा.