कापाच्या वरून

खेकडा पायाला धरून उचलला की पाय हातात राहतो आणि खेकडा पळतो. म्हणून या कामात पहिला धडा पकडीचा: बोटं कवचाच्या मागच्या कडांवर, नांग्या पोहोचणार नाहीत अशी. मग बर्फात ठेवून बधिर करायचा आणि नांगीच्या कवचाला बारीक खिडकी पाडायची.

आत दोन स्नायू. नांगी मिटणारा जाडजूड, उघडणारा चिंचोळा, पिसासारखा. आपल्या दंडाच्या स्नायूला शेकडो चेतापेशी लागतात. या उघडणाऱ्याला चालना देणारा तंतू एकच, थोपवणारा वेगळा. शिवाय चालना देणारा तोच तंतू अलीकडच्या सांध्याचा एक स्नायूही सांभाळतो! एवढा काटकसरीचा संसार तंतू कापून मोडला तर पुन्हा कसा जुळतो, हे मी बघत असे.

खेकडे परियट नदीकाठचे, टेबल जबलपूरजवळच्या खमरियातल्या क्वार्टरमधलं. ("काय वहिनी, आज रस्सा?" हे ठरलेलंच.) लाँग प्रूफ रेंजवर तोफांची चाचणी सुरू झाली की बशीतल्या पाण्यावर वलयं उठत. तेव्हा काचेची सुई वर उचलून गप्प बसायचं.

माणसाची किंवा बेडकाची नस तुटली की पलीकडचा तुकडा थोड्याच दिवसांत कुजतो. ऑगस्टस वॉलरने १८५० साली बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं. कवचधारी प्राण्यांची तऱ्हाच निराळी. त्यांच्यात पेशीपासून तुटलेला तुकडासुद्धा महिनोन्‌महिने जगू शकतो. हॉय, बिटनर आणि केनेडी या तिघांनी १९६७ साली क्रेफिशमधला पुरावा मांडला, की वरून वाढत आलेला तंतू या जुन्या तुकड्यालाच सांधला जातो. मग स्नायूवरचे जुने जोड तसेच कामी येतात, नव्याने बांधावे लागत नाहीत.

फसगत होते ती इथेच. कापाच्या खालच्या तुकड्याला विजेचा हलका झटका दिला की स्नायू आकसतो आणि नवशिका वहीत लिहून मोकळा होतो, 'नस जुळली'. अरे बाबा, तो तुकडा मेलाच नव्हता! झटका कापाच्या वरून द्यायचा. तरी वीज पाण्यातून झिरपून खाली गेली नसेल कशावरून? म्हणून शेवटी जुळलेल्या जागी पुन्हा कापायचं आणि वरून परत झटका द्यायचा. आता स्नायू स्वस्थ राहिला, तरच आधीचा जोड खरा होता. इतक्या दिवसांनी जुळलेलं स्वतःच्या हाताने तोडणं जिवावर येतं, पण ते केल्याशिवाय वहीतली नोंद धरू नये.