काळ्या कातळावरचे तिरपे थर

नाशिकच्या पंचवटीत नजर जाईल तिथे दगड आहे आणि तो सगळा काळा आहे. रामकुंडाच्या पायऱ्या काळ्या. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले काळाराम मंदिर रामशेज डोंगराच्या काळ्या पाषाणाचे. हा पाषाण सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यामुळे नाशिक म्हणजे अग्निजन्य खडकांचा प्रदेश, गाळाचे खडक पाहायचे तर चंद्रपूरकडे किंवा कोल्हापूर-बेळगावकडे जावे, असा समज रूढ आहे. रामकुंडापासून नदीच्या उलट दिशेने सोमेश्वर आणि पुढे गंगापूरकडे निघाले, की हा समज अपुरा ठरतो. उलट, गाळाचा खडक कसा वाचावा हे शिकायला याहून चांगली जागा शोधावी लागेल असे मला वाटते.

पुस्तकी वर्गीकरण सोपे आहे. तुकड्यांपासून झालेले खडक कणांच्या आकारावरून ओळखायचे: 2 मिलिमीटरहून मोठे गोलसर गोटे असले तर पिंडाश्म, तेच तुकडे टोकदार असले तर कोणाश्म, वाळूचा वालुकाश्म, चिखलाचा पंकाश्म. पाण्यातून साका बसून किंवा जीवांच्या शिंपल्यांतून झालेले चुनखडक वेगळे. पण गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात घटकांकडे पाहून फार काही कळत नाही, कारण गोटे, वाळू आणि माती हे सारे त्याच काळ्या कातळाचे. सोबत त्याच्या पोकळ्यांतून सुटलेल्या गारगोट्या आणि अकीक, एवढाच फरक. द्रव्य एकच असल्यामुळे इथे रचनेकडेच पाहावे लागते. वाहत्या पाण्याने ढकललेली वाळू उतरत्या बाजूला घरंगळून तिरपे थर करते आणि त्यांचा उतार प्रवाह जिकडे जात होता तिकडे असतो. चपटे गोटे मात्र एकमेकांवर कौलांसारखे रेलतात आणि त्यांचा उतार उगमाच्या बाजूला असतो. या दोन उलट खुणा एकाच थरात सापडल्या, तर आटलेल्या प्रवाहाची दिशा ठामपणे सांगता येते. खाली जाड गोटे, वर वाळू, त्यावर बारीक माती असा क्रम दिसला तर पाण्याचा जोर ओसरत गेला असे समजावे. मातीतल्या भेगा वरच्या वाळूने भरलेल्या दिसल्या तर मधल्या काळात तळ उघडा पडून वाळला होता.

यावर पहिला आक्षेप असा की हा नुसता गाळ आहे, खडक नव्हे. पण गोदाकाठच्या जुन्या गोट्यांच्या थरांत पाण्यातला चुना मुरून ते इतके घट्ट झाले आहेत की हाताने गोटा निघत नाही. पिंडाश्म याहून वेगळ्या रीतीने बनत नाही. गाळ आणि खडक यांच्यात निसर्गाने कुंपण घातलेले नाही. दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे: रामशेजच्या कड्यावरही आडवे थर दिसतातच, मग थर हा पुरावा कसा? नुसता थर पुरावा नाहीच. लाव्हाच्या थराच्या माथ्यावर वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे असतात. सुटे घासलेले कण आणि प्रवाहाने कललेली वाळू त्यात नसते. थर आहे एवढ्यावर न थांबता थराच्या आत काय आहे ते पाहायचे, हीच तर पद्धत.

तिसरा आक्षेप गंगापूरच्या इतिहासातून येतो. तिथल्या गोट्यांच्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली आणि डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया यांनी 1952 मध्ये गोदावरीच्या पुराश्मयुगावर ग्रंथ प्रसिद्ध केला. गोट्यांचा थर म्हणजे भरपूर पावसाचा काळ आणि मातीचा थर म्हणजे कोरडा, असे वाचन त्या पिढीत प्रचलित होते. पुढे शरद राजगुरू आणि इतर अभ्यासकांनी दाखवले की मोसमी पाऊस दुबळा झाला की नदी गाळ साठवत जाते आणि तो बळकट झाला की तोच गाळ कापत खाली उतरते. वाचन असे बदलते, तर मग हे सारे तर्कच का? नव्हे. प्रवाहाची दिशा आणि जोर रचनेतून थेट मिळतात आणि ते निष्कर्ष टिकून राहिले. बदलले ते हवामान, म्हणजे पुढच्या पायरीवरचे अनुमान. हत्यारांच्या बाबतीतही हाच विवेक हवा. कडा झिजलेले हत्यार वाहत आलेले असते, म्हणून थर त्याच्याइतका जुना असेलच असे नाही. ताज्या धारेचे हत्यार मात्र जवळपासच पडून गाडले गेलेले असण्याची शक्यता अधिक.

पंचवटीच्या समोरच्या तीरावर जुन्या मातीच्या गढीत सांकलिया आणि शां. भा. देव यांनी 1950-51 मध्ये उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर याच नियमाने वाचले गेले: खालचा आधीचा, वरचा नंतरचा. भूशास्त्रज्ञ स्टेनोने 1669 मध्ये खडकांसाठी मांडलेला हा नियम खापरांनाही लागू पडतो. म्हणून सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी घाट वाढवताना गोदेचा जो उघडा, न बांधलेला काठ अजून उरला आहे, त्याच्या थरांची मोजमापे आणि छायाचित्रे आधी घेतली गेली पाहिजेत. काँक्रीट पडल्यावर वाळूचा उतार कोणत्या बाजूला होता हे पुन्हा तपासता येत नाही.