कोवळ्या देहाची कैफियत

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षाविषयी बाहेरच्या माणसाची जी कल्पना असते, तीत यंत्रांना फार मोठा मान असतो. काचेची पेटी, तिच्या शेजारी लुकलुकणारे आकडे, श्वास पुरविणाऱ्या नळ्या आणि त्यांच्याभोवती गंभीर मुद्रेने उभे असलेले डॉक्टर, एवढा सरंजाम पाहिला की या मुलाचे जगणे-वाचणे सर्वस्वी त्यावरच अवलंबून आहे असे त्याला वाटते, आणि ते खोटेही नाही. परंतु या कक्षात हयातीचा बराचसा भाग घालविलेल्या परिचारिकेला विचाराल तर ती सांगेल की, मुलाच्या दिवसाचा खरा हिशेब अशा मोठ्या प्रसंगांत नसतोच. लंगोट बदलणे, अंगाचे तापमान घेणे, नळीने दूध घालणे, चिकटपट्टी काढणे, वजन करणे, तोंड पुसणे, एका पावलावरचा प्रोब सोडून दुसऱ्या पावलावर बांधणे, अशा मामुली कामांतच त्याचा दिवस आणि त्याची रात्र खर्ची पडते. शस्त्रक्रिया झालीच तर एखादे वेळी होते, आणि तिची दखल दहा माणसे घेतात. लंगोट मात्र दर काही तासांनी बदलावाच लागतो, आणि तो कसा बदलला हे त्या मुलाखेरीज आणि बदलणारीखेरीज कोणालाही ठाऊक नसते.

आश्चर्य याचे वाटते की, या मुलांना वेदना होतात की नाही याविषयीच वैद्यकशास्त्र परवापरवापर्यंत साशंक होते. मज्जातंतूंवरचे वेष्टन पुरते तयार झालेले नाही, मेंदू अपक्व आहे, सबब वेदना पोहोचत नाही, असा युक्तिवाद केला जाई, आणि इतक्या लहान जिवाला भूल देण्यात धोका आहे हे कारण त्याच्या जोडीला असे. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कन्वलजीत आनंद यांना मात्र, शस्त्रक्रियागृहातून परत येणारी बाळे इतकी ढासळलेली का असतात, हा प्रश्न पडला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेत काही बाळांना नेहमीच्या नाममात्र भुलीबरोबर फेंटानिल हे वेदनाशामकही देऊन पाहिले, आणि १९८७ साली असे प्रसिद्ध केले की, त्या बाळांच्या रक्तातील ताणाची चिन्हे कमी होती आणि नंतरचे उपद्रवही कमी झाले. जी गोष्ट कोणत्याही आजीने बाळाच्या कपाळाकडे पाहून सांगितली असती, ती सिद्ध करण्यासाठी रक्ताची साक्ष काढावी लागली. अर्थात आजीचे सगळेच म्हणणे प्रमाण मानावे असे मला म्हणायचे नाही. सातव्या महिन्यातले मूल जगते आणि आठव्यातले जगत नाही, ही समजूतही आज्यांचीच आहे आणि ती साफ चुकीची आहे.

त्याच सुमारास बोस्टनमध्ये हायडेलिझ आल्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणखी एक पाऊल पुढे टाकले होते. त्यांचे म्हणणे असे की, अपुऱ्या दिवसांचे मूल काही बोलत नाही हा आपला भ्रम आहे. ते सर्वांगाने बोलत असते, आणि शुश्रूषेच्या आधी, शुश्रूषा चालू असताना व ती संपल्यावर त्याच्याकडे नीट पाहत राहिले, तर त्याला काय सोसते व काय सोसत नाही याची पुरी कैफियत आपल्यापुढे येते. ही कैफियत वाचायला शिकणे हेच आमच्या हुन्नराचे पहिले प्रकरण होय. हाताची बोटे पंख्यासारखी फाकणे, हात समोर ताठ होणे, पाय हवेत लांब होऊन तसेच राहणे, एकाएकी उचकी किंवा जांभई येणे, नजर वळविणे, अंगावर जाळीदार निळसर छटा उमटणे, ही सारी ‘थांबा’ असे सांगणारी लक्षणे होत; आणि हात तोंडाकडे नेणे, पावलाने कशाचा तरी आधार शोधणे, दुपट्याचे टोक मुठीत घट्ट धरणे, ही स्वतःला सावरण्याची खटपट होय. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा खाली येतो तो बहुधा या साऱ्यांनंतर. जी परिचारिका आकडा पडल्यावरच थांबते, तिने अर्ज वाचला नाही, निकाल तेवढा पाहिला, असे मी समजते.

नव्या मुली येतात तेव्हा त्यांची एक समजूत हटकून आढळते, की जे मूल रडत नाही ते सुखात आहे. वेदनेचे मोजमाप करण्याची जी पट्टी १९९६ सालापासून प्रचारात आहे, तीत भुवयांमधली आठी, घट्ट मिटलेले डोळे, नाकापासून ओठाकडे जाणारी वळी, नाडीची गती आणि ऑक्सिजन यांना गुण आहेतच. पण त्यात एक मोठी न्यायबुद्धीची तरतूद अशी आहे की, मूल जितक्या कमी आठवड्यांचे तितके गुण त्याच्या पदरात आधीच अधिक घातलेले असतात, कारण दुःख सांगण्याइतकी ताकदच त्याच्यापाशी कमी असते. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आतले बाळ कित्येकदा विव्हळतही नाही. ते लुळे पडते. ती शांतता नव्हे, ती थकावट असते.

आता लंगोटाचेच पाहू. घरी आपण काय करतो? दोन्ही घोटे एका हातात धरून पाय वर उचलतो आणि दुसऱ्या हाताने खालचा ओला कपडा ओढून घेतो. पुऱ्या दिवसांच्या गुटगुटीत मुलाला त्याने काही होत नाही. पण बत्तिसाव्या आठवड्याच्या आत जन्मलेल्या मुलाच्या मेंदूत, पोकळ्यांच्या कडेला, अतिशय नाजूक रक्तवाहिन्यांचे जाळे असते, पहिल्या तीन दिवसांत तेथे रक्तस्राव होण्याचे भय फार असते, आणि पाय वर उचलून डोके खाली राहिले की डोक्यातील रक्ताचा दाब बदलतो. म्हणून आम्ही त्या दिवसांत डोके सरळ रेषेत, किंचित उंच ठेवतो आणि लंगोट कुशीवर बदलतो. हात आधी ऊन करून घ्यावयाचे. पेटीच्या खिडकीतून एकदम अंगाला न भिडता, हलक्या आवाजात बाळाला हाक घालून, तळहात प्रथम डोक्यावर व पोटऱ्यांवर नुसता टेकवायचा आणि श्वास एका लयीत येईपर्यंत तसाच ठेवायचा. मग डोके, मान आणि कंबर एका वेळी वळवून बाळाला कुशीवर घ्यायचे, गुडघे पोटाशी दुमडलेलेच ठेवायचे, आणि ओला कपडा मागून काढून कोरडा मागूनच सरकवायचा. हे करताना हलका दाब हवा. गुदगुल्या केल्यासारखा वरवरचा स्पर्श या मुलांना मुळीच सोसत नाही, चोळणे त्याहून नाही. बोटे फाकली की हात जिथे असेल तिथे थांबवायचा, काढून घ्यावयाचा नाही. एकदम काढलेला हात हादेखील धक्काच असतो.

चिकटपट्टीची कथा याहून कठीण आहे. तिसाव्या आठवड्याच्या सुमाराच्या बाळाच्या त्वचेचा बाहेरचा मृत थर अवघा दोन-तीन पदरांचा असतो, पुऱ्या दिवसांच्या बाळाचा त्याच्या कित्येक पट. आणि खालच्या त्वचेशी त्याची बांधणीही ढिली असते. अशा त्वचेवरची पट्टी घाईने ओढली, तर भिजविलेल्या बदामाची साल निघावी तशी ती वरचा पदर घेऊनच येते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पट्टीच्या कडेला धरून ठेवावा, कड सुटू लागली की पट्टी वर न ओढता त्वचेशी समांतर, आपल्यावरच दुमडत न्यावी, आणि दुसऱ्या बोटाने पुढची त्वचा अलगद दाबून धरावी. यास चार-पाच मिनिटे लागतात, आणि त्या चार-पाच मिनिटांत दुसऱ्या पेटीचा इशारा वाजू लागला तर मन दुभंगते हे मी जाणून आहे. पण पट्टी लावतानाच ती कमीत कमी लावली, तर काढताना कमी काढावी लागते, हे शहाणपण मला पुस्तकांपेक्षा एका जुन्या मेट्रनबाईंकडून मिळाले. त्या पट्टीचा वीतभर तुकडा कापणाऱ्या मुलीला कापड दुकानदाराची लेक म्हणत.

आवाज व उजेड यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात सांगते: कक्षातला आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये अशी शिफारस आहे, पेटीच्या माथ्यावर स्टीलचा ट्रे आदळणाऱ्याला ती कधी कोणी वाचून दाखवावी.

टाचेतून रक्त घेणे हे काम टाळता येत नाही, पण त्याची तजवीज करता येते. सुई टोचण्याच्या दोन मिनिटे आधी आईच्या दुधाचे काही थेंब जिभेवर घालणे, बाळाचे हातपाय दुमडून दोन तळव्यांच्या मध्ये धरणे, टाचेच्या मधोमध न टोचता बाहेरच्या किंवा आतल्या कडेला टोचणे, आणि रक्त येत नाही म्हणून पाऊल पिळत न बसणे, यांत खर्चाचे एकही साधन नाही. मुंबईत सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली ती मुलांना आईच्या दुधाचे पोषण मिळावे म्हणून. पण ज्या थेंबांनी पोट भरते, त्याच थेंबांनी सुईची धारही बोथट होते.

आता येथे एक आक्षेप रास्त आहे. सरकारी वा पालिकेच्या रुग्णालयात एका परिचारिकेच्या वाट्याला जितकी बाळे असावीत त्याहून कितीतरी अधिक असतात. तिने प्रत्येकाची कैफियत केव्हा वाचावी? यावर उपाय म्हणून सगळी कामे एकाच वेळी उरकावीत, म्हणजे मुलाला मधल्या वेळात सलग झोप मिळेल, असा शिरस्ता सर्वत्र पडला आहे, आणि त्याचे मूळ तत्त्व मला मान्य आहे. परंतु त्याचा अंमल असा होतो की, वजन, लंगोट, तोंड पुसणे, पट्टी बदलणे आणि वर टाचेची सुई, हे सारे एका दमात मुलावर कोसळते, आणि आपण मात्र कामे एकत्र केल्याच्या समाधानात असतो. माझ्या मते दुखणारे काम आणि न दुखणारे काम एका गठ्ठ्यात बांधू नये, आणि मूल गाढ झोपेत असेल तर तापमान अर्धा तास मागे पडल्याने आकाश कोसळत नाही. वेळेच्या सबबीविषयी म्हणाल, तर घाईने केलेल्या लंगोटानंतर ज्या मुलाचा ऑक्सिजन पडतो, त्याच्यापाशी पुढची दहा मिनिटे उभे राहावेच लागते.

दुसरे हात कुठून आणावेत, याचे उत्तर खरे म्हणजे कक्षाच्या दारातच बसलेले असते. बोगोटा शहरातल्या एका प्रसूतिगृहात पेट्या अपुऱ्या पडल्या आणि जंतुसंसर्गाने बाळे दगावू लागली, तेव्हा १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची रीत सुरू केली. ती गरिबांची सोय म्हणूनच पुष्कळ दिवस समजली गेली. पुढे भारतासह पाच देशांत केलेल्या पाहणीत, ज्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते, जन्मल्याबरोबर असे ठेवलेल्या लहान वजनाच्या बाळांपैकी पहिल्या अठ्ठावीस दिवसांत शंभरात सुमारे १२ दगावली आणि नेहमीच्या पद्धतीने ठेवलेल्यांपैकी सुमारे १६. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले आणि सोय होती तिचे शास्त्र झाले. आमच्याकडे ग्रामीण भागातून आलेली आई आधी दाराशीच घुटमळते. “सिस्टर, माझे हात खरखरीत आहेत, लावू का?” असे एकीने विचारले होते, ऊस बांधून तिच्या तळव्यांना घट्टे पडले होते. मी म्हटले, “बाळाच्या आई, हात धुऊन या, आणि नुसते ठेवा, फिरवू नका.” पट्टी मी काढली, बाळ तिने धरले; मुलाच्या नाडीचा आकडा फारसा हललाही नाही.

हे सगळे नोंदवावे कुठे, हा प्रश्न मात्र बरीच वर्षे तसाच राहिला. आमच्या छापील तक्त्यात काय घातले, काय काढले, किती ग्रॅम, किती मिलिलिटर, या सर्वांना रकाने आहेत. मुलाने त्यावर काय म्हटले याला नाही. तसा एक रकाना घालावा म्हणून मी रीतसर अर्ज केला, आणि नमुना वरून मंजूर होऊन आलेला असल्याने त्यात फेरफार करण्याची मुभा या कचेरीस नाही, असे उत्तर यथावकाश आले. तेव्हा तक्त्याच्या उजव्या कडेला ‘शेरा’ म्हणून जो अरुंद रकाना असतो आणि जो सहसा कोराच राहतो, तो आम्ही कामाला लावला. ‘डाव्या कुशीवर सोसते, उजवीवर बोटे फाकतात.’ ‘वजन दुपट्यात गुंडाळून करावे.’ ‘दूध सावकाश उतरू द्यावे, सिरिंज दाबू नये, उचकी लागते.’ हा रकाना वरिष्ठांच्या शेऱ्यासाठी आहे, मुलांच्या आवडीनिवडींसाठी नाही, असे काहींनी सुनावले, आणि दप्तराच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबरही असेल. पण रात्रपाळीच्या मुली हल्ली पाळी घेताना आधी तोच रकाना पाहतात, आणि एखाद्या तक्त्यावर तो मोकळा दिसला तर दिवसपाळीच्या बाईंना दारातूनच परत बोलावतात: “सिस्टर, जरा थांबा, हिला कोणती कूस चालते ते लिहिलेलंच नाही तुम्ही.”